पुढे आलेला हात

मंडळी, परवा घरी टीव्हीचा आवाज बंद करून मी तासभर जाहिराती पाहिल्या. डाग बाई धुते, फरशी बाई पुसते, तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात बाईचाच. बाप सोफ्यावर पेपर वाचतोय. चहा आला की मान वर न करता तो हात पुढे करतो. त्या हाताकडे मी बघतच राहिले. कप येणारच, याची त्याला केवढी खात्री!

जाहिरात खोटं दाखवते, असं मी म्हणणार नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४मध्ये बाईची २८९ झाली आणि पुरुषाची ८८. तिचा थोडा भार उतरला, पण तो त्यानं उचलला नाही. माझा राग आहे तो ही वहिवाट निसर्गनियम असल्यासारखी रोज घरात दाखवण्यावर.

पुरुषाला स्वयंपाक जमत नाही, असं गोव्यात तरी कुणी म्हणू नये. देवळातल्या संतर्पणाला, लग्नकार्याला रांदपी, म्हणजे आचारी, कोण असतात? बहुतेक पुरुषच. दोनशे पानांचं खतखतं, म्हणजे आपली मिश्र भाजी, ते नुसत्या अंदाजानं उतरवतात, मीठ चुकत नाही. मग घरच्या चार माणसांची आमटीच का अडते? म्हापशाच्या मासळी बाजारात भाव ठरवते, नोटा मोजते ती बाई. विम्याच्या जाहिरातीत पैशांचं समजावून सांगायला मात्र पुरुष येतो. आपल्याकडच्या १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेनं, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोला मालमत्तेत निम्मा-निम्मा वाटा दिला. घर निम्मं, स्वयंपाकघर मात्र अख्खं तिचं.

२०१५मध्ये एरियलनं ‘शेअर द लोड’ ही मोहीम काढली, कपडे धुणं बाईचंच काम का, असं थेट विचारलं. २०२२मध्ये जाहिरातींच्या स्वनियमन परिषदेनं, म्हणजे एएससीआयनं, नियम घातले. कामावरून परतलेली बाई एकटी राबतेय आणि बाकीचे आरामात बसलेत, असं दाखवणं त्यात बसत नाही. चांगलं झालं. पण ‘मदत’ हा शब्द अजून आपल्या जिभेवरून गेलेला नाही. मदत दुसऱ्याच्या कामाला करतात.

माझा मुलगा पूर्वी विचारायचा, “आई, मदत करू?” मी सुखावायचे, शेजारणीलाही कौतुकानं सांगायचे. परवा जेवणं झाल्यावर त्यानं काही न विचारता ताटं उचलली, घासली, पालथी घातली. एका टोपाला काळं राहिलं होतं. मी सोफ्यावर बसले होते. उठून तो टोप पुन्हा घासायला पाय शिवशिवत होते. बसून राहिले.