शेतकऱ्यांची 'रूझी': ऱ्होडेशियातली गावठी मशीनगन

नमस्कार मंडळी, गावठी म्हटलं की आपल्याला कट्टाच आठवतो, पण आजची गन चांगली फॅक्टरीत बनलेली, आणि ती घ्यायचे कोण तर शेतकरी.

ऱ्होडेशिया म्हणजे आजचं झिम्बाब्वे. तिथल्या गोऱ्या सरकारनं 1965 मध्ये इयान स्मिथच्या नेतृत्वाखाली ब्रिटनला न विचारता स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं, मग युनोचे निर्बंध आले, बाहेरून उघडपणे शस्त्रं मिळेनात. 21 डिसेंबर 1972 ला या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काळ्या गनिमांनी एका गोऱ्या शेतकऱ्याच्या अल्टेना फार्मवर हल्ला केला आणि तिथून लढाई थेट शेतातल्या बंगल्यांच्या दारात आली, कच्च्या रस्त्यांवर सुरुंग, रात्री गोळीबार, शेजारी कित्येक किलोमीटर लांब. पोलिसांशी जोडायला ॲग्रिक-अलर्ट नावाचं रेडिओ नेटवर्क होतं खरं, पण मदत येईपर्यंत करायचं काय?

मग राजधानी सॉल्सबरीत (आताचं हरारे) लाकोस्त इंजिनिअरिंगनं एलडीपी नावाची छोटी सबमशीनगन काढली, नाव लाकोस्त आणि डिझायनर ड्यू प्लेसी यांच्या नावांवरून. वळण बरंचसं इस्रायलच्या उझीचं, म्हणून लोक तिला रूझी म्हणायला लागले! 9 मिलिमीटरची गोळी, मॅगझिन मुठीतच, म्हणजे अंधारात लोड करताना एक हात दुसऱ्या हाताला आपोआप सापडतो, शिवाय बोल्ट (गोळी आत ढकलणारा भाग) नळीवर चढून बसतो त्यामुळे लांबी कमी, गाडीत बसल्या बसल्या पण वापरता येते. लांब पल्ल्याची अपेक्षा हिच्याकडून नव्हतीच, अंगणापुरती पुरे. कोब्रा, नॉर्थवुड या तिथल्याच गन पण याच काळातल्या. आणि सुरुंगाला टिकेल अशी लेपर्ड नावाची गाडी तर फोक्सवॅगनचे पार्ट वापरून बनवलेली, मला विचाराल तर जुगाड म्हणून ती जास्त भारी आहे.

आता यूट्यूबवर या गनचे जे व्हिडिओ आहेत ना, त्यात "बिचारे शेतकरी" एवढंच असतं, आणि तिथंच मला खटकतं. देशात साठ लाखांच्या आसपास काळे लोक, गोरे तीन लाखसुद्धा नाहीत, आणि 1969 च्या कायद्यानं जमीन दोघांत जवळपास निम्मी-निम्मी! लढाई पेटायला ही जमीन एक मोठं कारण होती. खेड्यातल्या काळ्या लोकांना मात्र घरंदारं सोडायला लावून कुंपणाच्या वस्त्यांत कोंबलं, वर कर्फ्यू. सिव्हिलियन तेही होतेच की, पण रूझी काही त्यांच्यासाठी नव्हती.

21 डिसेंबर 1979 ला लंडनमध्ये लढाई थांबवायचा करार झाला, एप्रिल 1980 मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र, गनचं डिझाइन मात्र दक्षिण आफ्रिकेतही पोचलं, तिथं ती 'कमांडो' नावानं विकली गेली.