पोर्ट, शेरी आणि पुरंदरचे अंजीर

नमस्कार श्रोतेहो. मंडईत पुरंदरच्या अंजिरांच्या पाट्या दिसू लागल्या की मला पोर्ट वाइनची आठवण होते. ती का होते, हे कळण्यासाठी ही वाइन कशी बनते ते आधी पाहू.

द्राक्षांच्या रसातल्या साखरेचे यीस्टमुळे अल्कोहोल होते. पोर्तुगालमधील दोरू नदीच्या खोऱ्यात हे आंबणे अर्ध्यावर असतानाच रसात द्राक्षांचेच तीव्र स्पिरिट ओततात. त्याने यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते आणि सुमारे २० टक्के अल्कोहोलची गोड पोर्ट तयार होते. स्पेनच्या हेरेस भागातील शेरीत मात्र बहुधा आंबणे पूर्ण झाल्यावर स्पिरिट घालतात, म्हणून फिनो या प्रकारासारखी शेरी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, लागते. स्वयंपाकात बाटली निवडताना हाच फरक लक्षात ठेवावा, कारण कोरड्या शेरीच्या जागी पोर्ट घातली तर मशरूमचे सूप गोडमिट्ट होते.

आता अंजिरांकडे येऊ. आठ घट्टसर अंजिरांचे उभे दोन भाग करा. पसरट पातेल्यात अर्धी वाटी रुबी पोर्ट (पोर्टचा गडद लाल प्रकार), चमचाभर साखर आणि दालचिनीचा तुकडा मंद आचेवर ठेवा. अंजीर कापलेली बाजू खाली करून तीन-चार मिनिटेच ठेवावेत आणि अलगद काढून घ्यावेत. अधिक वेळ ठेवले तर ते विरघळतात. उरलेला रस चमच्याच्या पाठीला चिकटेपर्यंत आटवावा. त्याचा रंग तेव्हा पिकलेल्या जांभळासारखा होतो. हा रस अंजिरांवर ओतून सोबत घट्ट चक्का द्यावा. श्रीखंड नको, त्याची साखर पोर्टला झाकून टाकते.

शिजवल्यावर सगळे अल्कोहोल उडून जाते, हा समज चुकीचा आहे. मंद आचेवर १५ मिनिटे शिजवूनही सुमारे ४० टक्के उरते आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के राहते. म्हणून हा पदार्थ मुलांना देऊ नये, आणि पाहुण्यांना त्यात काय आहे ते पान वाढण्यापूर्वीच सांगावे. ही माहिती त्यांच्यापासून लपवणे मला अक्षम्य वाटते.

मीठ घातलेली ‘कुकिंग वाइन’ घेऊ नये. रस आटला की तिचा खारटपणा वाढतो. उघडलेली फिनो फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावी, रुबी पोर्ट काही आठवडे टिकते. मदेरा बेटावरची वाइन मात्र बनतानाच उष्णतेत मुरवलेली असते, त्यामुळे उघडल्यावरही ती कित्येक महिने चांगली राहते. क्वचितच वाइन वापरणाऱ्या घरासाठी मी तीच सुचवेन.