अर्ध्या तासाची मैफल

[दृश्य : रिकामं सभागृह. मंचावर पांढरी चादर, गवसणीतले दोन तंबोरे.]

संगीत विभागातल्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम सहाला आहे. तंबोरे मात्र चारलाच गवसणीतून निघतात आणि लावले जातात ते मंचावरच. वर्गात लावून आणलेला तंबोरा इथे टिकत नाही, कारण दोन्हीकडची हवा वेगळी.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं. मुंबई विद्यापीठाचाही संगीत विभाग आहे. विभाग कुठलाही असो, विद्यार्थ्याला राग किती आला ते वर्गात कळतंच. मंचावर त्याच्या वाट्याला येतो जेमतेम अर्धा तास, आणि तो रंगणार की नाही हे बरंचसं या दोन तासांत ठरतं.

[दृश्य : तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, अगदी जवळून. बोट दोरा सरकवतंय.]

आधी खुंटीनं ढोबळ सूर, मग तारेतल्या मण्यानं बारीक. पहिली तार पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. घोडी आणि तार यांच्यामध्ये हा सुती दोरा. तो केसभर सरकवत गेलं की एका जागी तार एकदम खुलते. या खुललेल्या नादाला म्हणायचं, जवारी लागली. चारही तारा अशा बोलल्या की खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. तो येत नसेल, तर मोबाइलवरच्या ट्यूनरनं कितीही हिरवा दिवा दाखवला तरी तंबोरा लागलेला नाही.

पेटीचं याच गंधाराशी जमत नाही. अर्धस्वराचे १०० सेंट धरले, तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. भूपात गायक गंधारावर थांबला की फरक कानाला लागतो. मुरलेला पेटीवाला तिथे हात हलका करतो; नवशिका नेमका तिथेच भाता जोरात मारतो.

[दृश्य : तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या चामडी वेणीवर, हातोडी.]

आधी काळी चारात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, मुलगी गाणार, नंतर काळी एकात मुलगा. तबले दोन लागतील? राग बघा. काळी चारचा मध्यम म्हणजेच काळी एक. तिचा मालकंस असेल तर तबला मध्यमात लागतो, त्याच्या षड्जाला तोच चालतो, म्हणजे दोघांना एकच पुरतो. तिनं यमन घेतला तर शुद्ध मध्यमच नाही. मग तिच्या षड्जाला ढाला, म्हणजे खालच्या सुराचा, तबला हवा, आणि तो ऐनवेळी कुणाकडे नसतो. म्हणून नावं घेतानाच रागाबरोबर पट्टीही लिहून घ्यायची.

दिवेसुद्धा चारपासूनच लावून ठेवावेत. उष्णतेनं तारा सैल पडून तंबोरा उतरतो, आणि तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सुकून तबला चढतो. सहाला दिवे लावले तर पहिला गायक संपेपर्यंत दोघांची तोंडं दोन दिशांना. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा : पुडी ओल धरते, तबला उतरतो.

[दृश्य : माइक लावणारे हात.]

गायकाला एक माइक, पेटीला एक, तबल्या-डग्ग्याला दोन, तंबोऱ्यांना एकेक. सहा माइक पुरेत. घोळ होतो तो मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाच्या समोर ठेवलेल्या स्पीकरमध्ये. ध्वनिव्यवस्थेवाले त्यात गायकाचाच आवाज भरतात, तंबोरा विसरतात, आणि तार सप्तकात सूर निसटला की दोष गळ्याच्या माथी. आधी तंबोरा, मग आवाज, हा क्रम त्यांना बजावून सांगावा. इकोला तर हातच लावू देऊ नये. तानेचे दाणे एकमेकांत मिसळून जातात.

[दृश्य : गायन सुरू. तबलजीचा हात.]

विलंबित एकताल, मात्रा बारा. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन ४८ सेकंदांचं. बड्या ख्यालाला सोळा मिनिटं म्हणजे फक्त वीस आवर्तनं. घरी तासभर बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, करणाऱ्याला हा हिशोब आधी बसवावा लागतो. बहुतेक जण मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातच दहा आवर्तनं घालवतात आणि अंतऱ्याला पळापळ करतात.

आणखी एक तक्रार. हे कार्यक्रम सगळे संध्याकाळचे. तोडी, ललत, देसकार हे सकाळचे राग मुलं दोन-दोन वर्षं घोटतात, पण मंचावर बसायची वेळ आली की पुरिया धनाश्री नाहीतर बागेश्री. वर्षातून एक बैठक सकाळी सातला ठेवता येईल. तंबोरे पाचला लावायला बसावं लागेल, आणि सभागृहाची किल्ली आदल्या रात्रीच मागून घ्यावी लागेल.