म्युझिक प्लेअरसाठी घरच्या घरी चुंबकी डॉक

नमस्कार. भजनाच्या किंवा नाट्यगीतांच्या सरावासाठी ज्यांच्याकडे अजून छोटा म्युझिक प्लेअर आहे, त्यांच्यासाठी आज आपण लाकडाचा असा डॉक तयार करणार आहोत, की प्लेअर नुसता टेकवला तरी तो जागेवर बसेल आणि चार्जही होऊ लागेल.

आधी प्लेअर तपासा. गाणी फ्लॅश मेमरीत असतील, तर चुंबकाने त्यांना धक्का लागत नाही. मात्र २००१ साली आलेल्या पहिल्या आयपॉडमध्ये आणि पुढच्या आयपॉड क्लासिकमध्ये फिरती हार्ड डिस्क असते, आणि तिच्याशेजारी बलवान चुंबक कायमचा ठेवू नये असे माझे मत आहे. ॲल्युमिनियमच्या पाठीला चुंबक चिकटत नाही, म्हणून कव्हरच्या आत लोखंडी पत्र्याचा पातळ तुकडा बसवावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. चुंबक पत्र्यापासून सरळ ओढून काढायला बराच जोर लागतो, पण तोच पत्र्यावरून खाली घसरवायला त्या मानाने फार थोडा पुरतो. म्हणून प्लेअर उभ्या फळीवर नुसता चिकटवण्याची पद्धत मला पटत नाही. वजन खालच्या खाचेने तोलावे आणि चुंबकाने फक्त प्लेअरला नेमक्या जागी खेचून धरावे. त्यासाठी पाठीची फळी सुमारे वीस अंश मागे कललेली ठेवा. लाकूड फणसाचे मिळाले तर उत्तम; सुताराकडे त्याचे लहान तुकडे पडलेले असतात. खाच प्लेअरपेक्षा एखादा मिलिमीटर रुंद घ्या, कारण आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगते.

चुंबक नियोडिमियमचे, १० मिलिमीटर व्यासाचे आणि ३ मिलिमीटर जाडीचे, दोन पुरेत. त्यांच्यावर निकेलचा मुलामा असतो आणि त्याला टवका उडाला की आतला मिश्रधातू गंजून फुगतो. मिरामार किंवा कळंगुटसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या भागात तर हे लवकर घडते. म्हणून भोक अर्धा मिलिमीटर जास्त खोल पाडा, चुंबक इपॉक्सीने बसवा आणि वरूनही इपॉक्सीचा पातळ थर द्या. ग्लू गन टाळा, कारण साधारण प्रतीचे हे चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर तापले की दुबळे होतात.

चार्जिंगसाठी चुंबकी टोकाची केबल वापरू. तिची टिप प्लेअरच्या पोर्टमध्ये राहते आणि केबलचे डोके खाचेच्या तळाशी बसते. हे डोके शेवटीच चिकटवा: प्लेअर चुंबकांवर स्थिरावू द्या, डोके आपोआप टिपेला जाऊन भिडेल, आणि मगच कडेने इपॉक्सी सोडा. तिथल्या उघड्या पिनांवर ५ व्होल्टचा दाब असतो, आणि चुंबक टाचणी किंवा लोखंडाचा कीस ओढून घेऊन शॉर्ट करू शकतो. त्यामुळे कानशीचे काम आधीच संपवा आणि वीज जोडण्यापूर्वी तळ ब्रशने साफ करा. अशा काही केबलींतून फक्त चार्जिंग होते, गाणी भरता येत नाहीत, हे विकत घेतानाच विचारून घ्या.

सुटे चुंबक मुलांच्या हाती लागू देऊ नका, कारण दोन गिळले गेल्यास आतड्याला इजा होते. घरात कोणाला पेसमेकर असेल, तर डॉक त्यांच्या उशाशी ठेवू नका. आणि प्लेअर उचलताना डॉकही सोबत वर येत असेल, तर तळाला जाड लोखंडी पट्टी स्क्रूने घट्ट बसवून तिच्याखाली रबरी पाय लावा.