भीती कानातून शिरते

श्रोतेहो, नमस्कार. हल्ली घरात थरारपट लावला की निम्मं घर उठून स्वयंपाकघरात जातं. आजी डोळे मिटून घेते, आई पोराच्या डोळ्यांवर हात धरते आणि पडद्यावर कोयता चालूच असतो. ते बघून मला तरी भीती वाटत नाही, किळस येते. किळस आली की माणूस तोंड फिरवतो. धाकधूक लागली तर उलट पाणी प्यायलासुद्धा उठवत नाही.

राजा परांजपे यांचा १९६४ सालचा ‘पाठलाग’ आठवा. एका वकिलाची बायको वारलेली आहे. पुढे पोलीस एका बाईला पकडतात, ती दिसायला हुबेहूब तीच. वर म्हणते, मीच तुमची बायको! काशिनाथ घाणेकरांचा तो वकील भर कोर्टात तिची उलटतपासणी घेतो आणि ती नवराबायकोशिवाय तिसऱ्याला ठाऊक नसतील अशा गोष्टी सांगत सुटते. नुसती प्रश्नोत्तरं आहेत हो ही! पण एकेका उत्तरासरशी त्याचा चेहरा उतरतो आणि आपलाही. राज खोसलांनी दोन वर्षांनी यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ काढला. त्यातलं झुमक्याचं गाणं सगळ्यांना पाठ. माझ्या मते खरा ऐवज कोर्टातलाच. शेवट सांगत नाही. ते काम करणारे आपल्या इंदुरात पुष्कळ आहेत. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता खुनी कोण ते सांगून मोकळे होतात!

ऐन रंगात गाणं आलेलं ज्यांना खपत नाही, त्यांनी यश चोप्रांचा १९६९ चा ‘इत्तेफाक’ बघावा. गुजराती नाटकावर बेतलेला, त्यात गाणंच नाही. रात्रीची वेळ, घरात एकटी नंदा आणि वेड्यांच्या इस्पितळातून पळून आलेला राजेश खन्ना. मामला खुनाचा, पण आपल्याला धरून ठेवतो तो संशय. ही खरं बोलतेय की तो?

एक करून बघा. अशा पिक्चरमधला एखादा प्रसंग टीव्हीचा आवाज बंद करून लावा. बाई जिना चढतेय, बस्, एवढंच दिसेल. आता आवाज सोडा. पायरी करकरते, ती थांबते, आणि वरच्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवतं. खुर्ची सरकवणारा दिसलेलाच नाही, पण आपण तो मनात उभा करतो, आणि आपल्या मनातला तो दिग्दर्शकाच्या माणसापेक्षा नेहमीच जास्त भयंकर असतो. रेडिओवर नाटकं करणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

कमाल अमरोहींच्या ‘महल’नं १९४९ मध्ये हेच केलं. जुना वाडा, रात्र, आणि कुठूनतरी येणारं गाणं, ‘आएगा आनेवाला’. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. गाणारी दुरून जवळ येतेय असं वाटायला हवं होतं, आणि आजच्यासारखी यंत्रं तर नव्हती. मग काय, लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून सुरुवातीच्या ओळी गात गात माइककडे चालत आल्या. आपल्या शीख मोहल्ल्यात जन्मलेली, विशीच्या आसपासची ती पोर! रेकॉर्डवर तिचं नावही नव्हतं, छापलं होतं पात्राचं, ‘कामिनी’. ही गातेय तरी कोण, म्हणून श्रोत्यांनी रेडिओला भंडावून सोडलं. पिक्चरमधलं रहस्य ते पिक्चरमध्ये, पण लोक रेडिओसमोर बसून दुसऱ्याच रहस्याचा माग काढत होते.

आता तेच गाणं ऐकवतोय. सुरुवातीला आवाज बारीक वाटला तर रेडिओचं बटण पिळू नका. बाई अजून माइकपर्यंत पोचायच्यात.