सॉइल टेस्ट झाली म्हणजे जमीन तपासली असं नाही

लालबाग-परळ असो नाहीतर कुर्ला, रिडेव्हलपमेंट म्हटलं की सॉइल टेस्ट होतेच आणि सोसायटीत सगळ्यांना वाटतं, चला, जमीन तपासून झाली. पण ती टेस्ट पायासाठी असते हो, खडक किती खोल, माती किती वजन पेलेल एवढंच. त्या मातीत शिसं आहे का, जुनं तेल आहे का, हे त्यात कोणी बघतच नाही.

मालाडला चिंचोली बंदरच्या डम्पिंग ग्राउंडवर ऑफिसं उभी राहिली, आणि मग खालच्या कचऱ्यातून येणाऱ्या गॅसमुळे एसी, कॉम्प्युटर गंजून बंद पडायला लागले.

मग तपासणीवर घालायचे किती पैसे?

पहिलं काम सगळ्यात स्वस्त आहे, जुने कागद आणि जुनी माणसं. जागेवर आधी गिरणी असेल तर तिचं डाइंग खातं, म्हणजे कापड रंगवायचा विभाग, कुठे होतं, फर्नेस ऑइलची टाकी कुठल्या कोपऱ्यात पुरलेली, हे तिथे काम केलेल्या कामगाराला बसून विचारा. कारण आंधळेपणाने बोअर, म्हणजे मातीचा नमुना काढायची भोकं, मारायला गेलात तर गणित फार महाग पडतं. एक हेक्टर जागा, दर 20 मीटरवर बोअर, म्हणजे 25 बोअर. अंतर 10 मीटर केलं की थेट 100! आणि त्या 20 मीटरच्या जाळीत 10 मीटर रुंदीचा तेलाचा डाग सापडायची शक्यता पाचात एक, बस. त्यापेक्षा टाकीची जागा कळली तर तिच्या भोवतीचे चार बोअर जास्त सांगून जातात.

बोअरच्या नळीतून वर येतं ते बघण्यासारखं असतं, आधी भराव, विटांचे तुकडे, राख, मग खाडीचा काळा चिखल. तेल असेल तर नाकालाच कळतं, पण शिशाला वास नसतो, त्याला लॅबच लागते.

थांबायचं कधी? रिपोर्ट काहीही आला तरी आपला निर्णय तोच राहणार असेल, तर पुढचा बोअर नको. पण तळमजल्यावर मुलांची बाग होणार असेल तर तिथे हात आखडू नका, अजिबात नाही.

प्रदूषित जागांसाठी केंद्राने 2025 मध्ये नियम आणलेत, ज्याने घाण केली त्यानेच खर्च द्यायचा. पण पोकलेन लागला, माती डंपरने निघून गेली, की पुरावा म्हणून दाखवणार काय? आणि त्या खड्ड्यात पहिले उतरतात ते मजूर, रिपोर्ट आधी त्यांच्यासाठी हवा.