गर्बर, मांजा आणि तांब्याच्या वाटा

(दृश्य: काळा पडदा. साध्या अक्षरांच्या ओळी वर सरकतात.)

एक्स, वाय, काही आकडे, आणि ओळीच्या शेवटी डी-०१. नोटपॅडमध्ये उघडलेली ही फाईल म्हणजे एका सर्किट बोर्डाचा एक थर. हिला म्हणतात गर्बर फाईल. पीसीबी, म्हणजे असे बोर्ड, छापणाऱ्या कारखान्याकडे बहुतेक वेळा अशाच फायलींचा गठ्ठा जातो.

नाव आलं जोसेफ गर्बर यांच्यावरून. जन्म व्हिएन्नाचा, नाझींच्या तावडीतून सुटून 1940 मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. त्यांच्या कंपनीचं फोटोप्लॉटर नावाचं यंत्र फिल्मवर प्रकाशाने रेघा मारायचं. डी-०१ : दिवा लावून सरक. डी-०२ : दिवा विझवून सरक. डी-०३ : आहेस तिथेच एकदा चमक. दिवा सरकवणारी ती यंत्रं मागे पडली, आज्ञा मात्र राहिल्या.

(दृश्य: त्याच ओळींचं रंगीत चित्र होतं.)

गर्बव्ह्यू किंवा जर्बव्हीसारखा व्ह्यूअर या ओळी वाचतो आणि थर एकावर एक ठेवून दाखवतो: तांबं, सोल्डर मास्क (तांब्यावरचा रक्षक लेप), सिल्कस्क्रीन (छापलेली अक्षरं-खुणा), ड्रिलची भोकं. पैसे भरण्याआधी एवढं पाहायला फार तर पाच मिनिटं लागतात. नवशिक्यांकडून नेमकी तीच राहून जातात.

बदल करायचा तर मात्र गर्बर कामाची नाही. तिच्यात रेघ कुठे आहे एवढंच असतं, ती का आहे हे नसतं. त्यासाठी मूळ डिझाइन हवं. स्किमॅटिकमध्ये कोण कोणाला जोडलंय ते, लेआउटमध्ये कोण कुठे बसणार ते. स्किमॅटिकवरून लेआउटमध्ये आलं की पडद्यावर बारीक रेघांचा गुंता दिसतो, संक्रांतीनंतर झाडात अडकलेल्या मांज्यासारखा. तो सोडवत एकेक ट्रॅक, म्हणजे तांब्याची वाट, टाकायचा. वाट अडली की व्हाया, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारं भोक, पाडून पलीकडच्या बाजूला उतरायचं. नेहमीचा बोर्ड 1.6 मिलिमीटर जाडीचा, तांबं साधारण 35 मायक्रॉन.

(दृश्य: एक ट्रॅक पुढे सरकतो, शेजारचे बाजूला होतात.)

एसटीत तिघांच्या बाकावर चौथा आला की जरा-जरा सरकतात ना, तसं. हे सरकवणारं राउटर, म्हणजे ट्रॅक टाकायचं साधन, कायकॅड या खुल्या, फुकट बोर्ड-डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आणलं सर्नच्या लोकांनी. होय, जिनिव्हाजवळची, कणांच्या टकरी घडवणारी तीच सर्न.

कायकॅडचा जन्म 1992 मधला, ग्रनोबलमध्ये शिकवणाऱ्या जाँ-पिएर शारास यांच्या हातचा. सर्नची अडचण अशी की त्यांना आपली सर्किट्स जगाला खुली द्यायची होती, पण महागडा परवाना असल्याशिवाय जे उघडतच नाही ते खुलं कसलं? म्हणून त्यांनी आपले प्रोग्रामर कायकॅडच्या कामाला लावले.

ही काळजी पोकळ नव्हती. ईगल हे याच कामाचं, 1988 पासूनचं, छंदवाल्यांचं लाडकं जर्मन सॉफ्टवेअर. 2016 मध्ये ऑटोडेस्कने ते घेतलं आणि 2023 मध्ये जाहीर केलं की 7 जून 2026 ला ते बंद होईल. मग लोकांची वर्षानुवर्षांची डिझाइन्स? थोडं नशीब, थोडा शहाणपणा: सहाव्या आवृत्तीपासून ईगलच्या फायली एक्सएमएलमध्ये, म्हणजे कोणालाही वाचता येईल अशा मजकुरात होत्या. त्यामुळे कायकॅड त्या उघडू शकतो.

(दृश्य: पवई, आयआयटी मुंबईचं आवार.)

शिक्षणात खुलं सॉफ्टवेअर आणणाऱ्या इथल्या फॉसी प्रकल्पाने ईसिम हे सर्किट पडद्यावरच चालवून पाहायचं सॉफ्टवेअर उभं केलं. त्यात स्किमॅटिक काढायला कायकॅड आणि गणित करायला एनजीस्पाइस. या एनजीस्पाइसचं मूळ 1970च्या दशकात बर्कलीत लिहिलेल्या स्पाइसमध्ये. फिल्टर नेमका कुठल्या फ्रिक्वेन्सीला कापतो हे पुण्याच्या तापकीर गल्लीतून कपॅसिटर आणण्याआधी, तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडने बोटं पिवळी होण्याआधी पडद्यावर दिसतं. खरा बोर्ड आपली खोड दाखवतोच म्हणा, पण निदान आकडेमोडीतली चूक तरी घरातच सापडते.

(दृश्य: रात्र. लॅपटॉपवर व्ह्यूअर. एक हात एकेक थर बंद करत जातो.)

सिल्कस्क्रीन बंद. मास्क बंद. उरलं तांबं आणि भोकं. कोपऱ्यातल्या कनेक्टरपाशी चित्र मोठं केलं, तर सगळी भोकं पॅडच्या, म्हणजे सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्याच्या, मधोमध, आणि एक मात्र कडेला चाटून गेलेलं.

फाईल अजून पाठवलेली नाही.